जबडा दुखतोय, पोटही बिघडलंय: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी लिहिलं होतं, की ज्यांचा जबडा महिनोन्महिने दुखतो त्यांच्यात पोटाच्या तक्रारी इतरांपेक्षा बऱ्याच जास्त दिसतात. त्या एका ओळीवर सांगली-सातारा भागातून इतकी पत्रं आली की ह्या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, आणि लांब पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न (विटा): डॉक्टर, मी शिक्षिका आहे, वय ३८. अडीच वर्षं झाली उजव्या कानाच्या पुढं जबडा दुखतोय, सकाळी उठल्यावर तोंड नीट उघडत नाही, घास चावताना कट् आवाज येतो, दुपारपर्यंत दुखणं कानशिलापर्यंत जातं. आधी दाढेचं असेल म्हणून एके ठिकाणी रूट कॅनल केलं, मग तीच दाढ काढली, तरी दुखणं आहे तिथंच. ह्याच काळात पोटाचं पण सुरू झालंय, कधी चार-चार दिवस साफ होत नाही तर कधी शाळेत जायच्या आधी तीनदा जावं लागतं, पोट फुगतं, जाऊन आलं की जरा बरं वाटतं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. दातवाले म्हणतात पोटाचा काय संबंध, पोटवाले म्हणतात जबड्याचं दातवाल्यांना विचारा. मोबाईलवर एका व्हिडिओत सांगत होते की आतडी आतून साफ केली की जबडा आपोआप बरा होतो, त्याचं किट मिळतं. घेऊ का? घरी सगळे म्हणतात तू टेन्शन घेतेस म्हणून होतंय.

उत्तर: ताई, किट घेऊ नका. आतडी धुऊन काढल्याने जबडा बरा होतो ह्याला काहीही आधार नाही, उलट जुलाबाच्या औषधांनी तुमचं आधीच चिडलेलं पोट अजून चिडेल. पण तुमची शंका बरोबर आहे, दोन्हींचा संबंध आहे, फक्त तो व्हिडिओत सांगतात तसला नाही.

तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे कानापुढे दुखणं, सकाळचा आखडलेपणा, कट् आवाज, कानशिलापर्यंत जाणारी कळ, ते जबड्याच्या सांध्याचं आणि चावायच्या स्नायूंचं दुखणं वाटतं, डॉक्टर लोक त्याला टीएमडी म्हणतात. आणि पोटाचं वर्णन आयबीएसचं आहे, म्हणजे तपासण्या नॉर्मल येतात पण आतडी चिडल्यासारखी वागतात ते दुखणं. आयबीएस ठरवायला जगभर जे रोमचे निकष वापरतात त्यांत गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस तरी पोट दुखणं आणि त्याचा संबंध शौचाला जाण्याशी किंवा शौच बदलण्याशी असणं हे बघतात. तुमचं तसंच दिसतंय, पण शिक्का तुमच्या पोटाच्या डॉक्टरांनीच मारायचा, मी पत्रावरून नाही. शौचातून रक्त, आपोआप वजन घटणं, रात्री पोटदुखीने जाग येणं, रक्त कमी होणं, ह्यातलं काही असेल तर आयबीएस म्हणून सोडून द्यायचं नाही हे मात्र लक्षात ठेवा.

आता संबंध कसा ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कुणी नीट समजावत नाही आणि बायका मग वर्षानुवर्षं ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरत राहतात. चेहरा आणि जबड्याची संवेदना पाचव्या नंबरची नस मेंदूकडे नेते, पोटाच्या आतलं बरंचसं दहाव्या नंबरची व्हेगस नस नेते, आणि ह्या व्हेगसमधले साधारण ८० टक्के तंतू खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. दोन्ही नसांच्या बातम्या मेंदूच्या खालच्या भागात जवळजवळच्या केंद्रांत पोचतात. तिथून पुढं दुखणं किती जाणवावं हे ठरवणारी यंत्रणा सगळ्या शरीराला एकच आहे. ती यंत्रणा काही लोकांत जास्त हळवी होते, ह्याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात, क्लिफर्ड वुल्फ ह्या शास्त्रज्ञाने १९८३ साली प्रयोगातून ते दाखवलं. सांगलीकरांना लगेच कळेल असं सांगते: आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, आता कुणी ती इशारा पातळी खाली आणून १० फुटांवर ठेवली तर पूर नसतानाही रोज सायरन वाजेल, पाणी खोटं नसतं आणि सायरनही बिघडलेला नसतो, पातळी चुकीच्या जागी आलेली असते. तुमच्या बाबतीत घास चावताना येणारा साधा ताण आणि आतड्यात सरकणारा साधा वायू, दोन्हीही मेंदूला दुखणं म्हणून ऐकू येतायत.

म्हणूनच ही दुखणी एकेकटी येत नाहीत. टीएमडी, आयबीएस, मायग्रेन, फायब्रोमायल्जिया म्हणजे सगळं अंग सतत दुखणं, जुनी कंबरदुखी, ही एकाच माणसात गोळा होताना दिसतात आणि बायकांत जास्त. अमेरिकेत ऑपेरा नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात जबडा दुखत नसलेल्या अडीच हजारांहून जास्त लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवलं, आणि ज्यांना आधीपासून आयबीएस, डोकेदुखी, कंबरदुखी अशी दुखणी होती त्यांच्यात पुढे जबड्याचं दुखणं जास्त सुरू झालं. २०२० साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने टीएमडीवर जाडजूड अहवाल काढला, त्यातही हेच ठासून सांगितलंय की हा फक्त दातांचा प्रश्न समजू नका, पूर्ण माणूस बघा.

आतड्यातल्या जंतूंबद्दल सध्या फार बोललं जातंय. उंदरांवरच्या प्रयोगांत जंतू बदलले की दुखण्याची जाणीव बदलते असं दिसलंय, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली फायब्रोमायल्जिया असलेल्या बायकांच्या आतड्यातले जंतू इतरांपेक्षा वेगळे असल्याचं दाखवलं. पण वेगळे आहेत म्हणजे त्यांच्यामुळेच दुखतंय असं होत नाही. ज्याचं अंग सतत दुखतं त्याचं खाणं बदलतं, झोप बदलते, औषधं वाढतात, आणि ह्या सगळ्याने जंतूही बदलतात. त्यामुळे जंतू तपासून देतो, जंतू बदलून जबडा बरा करतो, असं कुणी म्हणालं तर पैसे जपून ठेवा.

आणि टेन्शनचं. ताण वाढला की आपण नकळत दात आवळतो, झोप उडते, आतड्याची हालचाल बदलते, हे सगळं खरं आहे, पण म्हणून तुमचं दुखणं मनाचा खेळ नाही. ते दुखणं खरं आहे, नसांत आहे, आणि घरच्यांना हे पान वाचायला द्या.

करायचं काय? पहिलं, अजून एकही दाढ काढू द्यायची नाही, दात घासून चाव जुळवायची असं कुणी म्हणालं तरी थांबायचं, जे परत फिरवता येत नाही ते इतक्यात करायचं नाही. २०२३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुन्या दुखण्यावर मार्गदर्शक सूचना आल्या, त्यात भर आहे तो समजावून सांगणं, जबड्याचे शिकवून करून घेतलेले व्यायाम, स्नायूंच्या गाठींवर हाताने उपचार आणि सीबीटी म्हणजे विचार-सवयींवर काम करणारं समुपदेशन ह्यांवर. हेच सीबीटी आयबीएसमध्येही उपयोगी पडतं. औषधातही तसंच, अमिट्रिप्टिलिन नावाची जुनी गोळी अगदी कमी डोसमध्ये चेहऱ्याच्या जुन्या दुखण्यात देतात, आणि २०२३ साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत तीच कमी डोसची गोळी आयबीएसमध्येही उपयोगी ठरली. म्हणजे दोन दुखण्यांना दोन पिशव्या औषधं लागतीलच असं नाही. मात्र ती डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही, तिने तोंड कोरडं पडतं, झोप येते, बद्धकोष्ठ वाढू शकतं, आणि तुमच्या पोटाचा कल कुठल्या बाजूला आहे ते बघूनच ठरवावं लागतं.

रोजचं म्हणाल तर जेवताना सोडून बाकी दिवसभर ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेली, एवढी एक सवय लावून घ्या. वर्गात फळ्याकडे वळलात की तपासा, दात आवळलेत का? गालावर ओल्या गरम फडक्याने पंधरा-वीस मिनिटं शेक. दुखणं जोरात असेल त्या आठवड्यांत ऊस दातांनी सोलणं, कणीस, भडंग, खारे दाणे बंद. पण इथंच बायका फसतात, चावायला नको म्हणून चहा-बिस्कीट, मऊ पाव, खिमट ह्यावर दिवस काढतात, मग पोटात चोथा जात नाही आणि बद्धकोष्ठ अजून वाढतं. मऊ खायचं पण चोथ्याचं खायचं: भाकरी आमटीत कुस्करून, ज्वारीची नाहीतर नाचणीची आंबील, मऊ शिजवलेला दुधी-भोपळा, मूगडाळ, पपई. एक-दोन महिने हे करा आणि दोन्ही डॉक्टरांकडे जाताना एकाच वहीत जबडा आणि पोट दोन्हीचं लिहून न्या, पाळीच्या तारखा आणि झोपही लिहा. बऱ्याचदा दोन्ही दुखणी एकाच आठवड्यात वर जाताना तुम्हालाच दिसतील, आणि डॉक्टरांनाही ती वही बघून एकमेकांशी बोलावं वाटेल.

प्रश्न (कराड): मी २९ वर्षांचा, साखर कारखान्यात शिफ्ट ड्युटी. बायको म्हणते रात्री दात करकर वाजवतो. सकाळी दोन्ही गाल जड, डोकं दुखतं, म्हणून रोज एक पेनकिलर आणि त्यासोबत गॅसची गोळी घेतो, आठेक महिने झाले. छातीत जळजळ तर कायमची. डेंटिस्ट म्हणाले नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर बसवायचं कव्हर, लावा. पोटाचं आधी बघू का दाताचं?

उत्तर: दादा, दोन्ही बरोबरच, आणि त्याच्याही आधी ती रोजची पेनकिलर. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक ह्या जातीच्या गोळ्या पोटाचं अस्तर खराब करतात, अल्सर करतात, किडनीवरही ताण येतो. सोबत पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गॅसची गोळी, घेतली की सगळं सुरक्षित असं लोकांना वाटतं, पण ती गोळी जठराला सांभाळते, पुढच्या लहान आतड्याला नाही. आणि वर्षानुवर्षं आम्ल दाबून ठेवलं तर बी-१२ नीट शोषलं जात नाही, त्यात माणूस शाकाहारी असेल तर अजूनच. शिवाय साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी टिकून राहू शकते. म्हणजे जबडा दुखतो म्हणून गोळी, गोळीने पोट जळतं, पोट जळतं म्हणून झोप मोडते, झोप मोडली की दात आवळले जातात, सकाळी परत गोळी. ह्या चक्राला कुठंतरी तोडायचं तर गोळीपाशीच तोडायचं, डॉक्टरांना सांगून.

रात्री आम्ल वर येणं आणि दात खाणं ह्यांचं नातं मात्र बऱ्यापैकी थेट आहे. जपानमधल्या संशोधकांनी झोपलेल्या लोकांच्या अन्ननलिकेत थोडं आम्ल सोडून बघितलं तर चावायच्या स्नायूंची ती लयीत होणारी हालचाल वाढली. म्हणून तुमची जळजळ कमी झाली तर जबड्यालाही आराम पडायची चांगली शक्यता आहे. जेवण आणि झोप ह्यात दोन-तीन तास ठेवा, शिफ्ट कुठलीही असो, ड्युटीवरून येऊन भरपेट जेवून लगेच आडवं व्हायचं हे बंद. पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उचला, नुसत्या दोन उशा घेऊन मान दुमडते, उपयोग होत नाही. डाव्या कुशीवर झोपा. तंबाखू असेल तर ती सोडावीच लागेल, रात्रपाळीतला चहाही मोजून.

नाइट गार्डने दात झिजायचे वाचतात, तेवढ्यासाठी लावा, पण त्याने दात खायची सवय जाईल असं धरू नका. डेंटिस्टना एक विचारा, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू गुळगुळीत झिजलीय का, तसं असेल तर आम्ल तोंडापर्यंत येतंय. आंबट पाणी तोंडात आलं की लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास जाऊ द्या. आणि बायकोला विचारा, दात वाजतात तसा घोरता पण का, मध्येच श्वास थांबतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी लागेल.

प्रश्न (सातारा): मला टीएमडी आणि आयबीएस दोन्ही सांगितलंय. मैत्रीण म्हणते गहू आणि दूध कायमचं सोड, मी गहू सोडून बाजरी-ज्वारीवर आले तर खरंच हलकं वाटतंय. जाऊबाई म्हणतात रोज प्रोबायोटिकची, म्हणजे चांगल्या जंतूंची, कॅप्सूल घे. दही-ताक चालेल का?

उत्तर: गहू सोडायच्या आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन ह्या प्रथिनाने आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी करून घ्यायला हवी होती, कारण गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. तुमच्या डॉक्टरांशी बोला, काही आठवडे परत पोळी खाऊन मग रक्त द्यायला सांगतील. ती नॉर्मल आली तर तुम्हाला बरं वाटण्याचं कारण बहुतेक गव्हातलं फ्रुक्टन, म्हणजे आतड्यात नीट न पचणारा एक साखरेच्या जातीचा पदार्थ, असेल, ग्लूटेन नाही. फ्रुक्टन कांदा-लसणातही भरपूर असतं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने फॉडमॅप नावाची जी आहारपद्धत तयार केली ती ह्याच पदार्थांवर आहे: चार-सहा आठवडे गहू, कांदा, लसूण, राजमा-छोले, दूध असं कमी करायचं, मग एकेक परत आणून कशाने त्रास होतो ते बघायचं, आणि ज्याने होत नाही ते परत सुरू करायचं. हा शेवटचा भाग लोक करतच नाहीत, सगळं कायमचं बंद करून बसतात, मग खाणं गरीब होतं आणि आतड्यातल्या चांगल्या जंतूंचीही उपासमार होते, कारण त्यांचं खाणं म्हणजे हाच चोथा. जमलं तर आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली करा. आपल्याकडे तुम्हाला कोरेगावचा घेवडा सहज मिळतो आणि तो चवीला उत्तम, पण ह्या काही आठवड्यांत तो राजम्याच्याच यादीत धरा.

ताक चालेल, दह्या-ताकात दुधापेक्षा लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर कमी असते, पातळ ताक दुपारच्या जेवणात घ्या आणि पोट काय म्हणतं ते बघा. कॅप्सूलचं म्हणाल तर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या सूचनांत आयबीएससाठी प्रोबायोटिक सुचवलेलं नाही, त्याऐवजी विरघळणारा चोथा, म्हणजे आपलं इसबगोल, ते सुचवलंय. अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, भरपूर पाण्याबरोबर, हळूहळू वाढवा. जबड्याच्या दुखण्यासाठी म्हणून प्रोबायोटिकवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा तेच पैसे फिजिओथेरपीला द्या.

प्रश्न (फलटण): वय ५७. डाव्या गालात गॅस चढतो. एकदम करंट बसल्यासारखी कळ येते, दोन-चार सेकंद, मग बंद. दाढी करताना, तोंड धुताना, वारा लागला तरी येते. ओवा, सोडा सगळं करून झालं.

उत्तर: काका, गॅस गालात चढत नाही. हे वर्णन ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं आहे, त्याच पाचव्या नसेचं दुखणं, बऱ्याचदा एखादी रक्तवाहिनी नसेवर दाबल्याने होतं. ह्यात पोटाचा काही हात नाही आणि दाताचाही नाही, तरी ह्या दुखण्यात चांगल्या दाढा काढल्या जातात म्हणून आधीच सावध करते. न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, एमआरआय सांगतील, कार्बामेझेपिन नावाच्या औषधाने बहुतेकांना सुरुवातीला चांगला आराम पडतो, पण त्याआधी आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं, अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं.

गॅसचाच विषय निघाला म्हणून ह्याच पानावर सगळ्यांसाठी लिहिते. जिना चढताना, शेतात बांधावरून चालताना जबडा किंवा खालचे दात दुखायला लागले आणि थांबल्यावर बरं वाटलं, सोबत छाती जड, घाम, दम, मळमळ असं काही असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. बायकांत आणि शुगर असलेल्यांत छातीत न दुखताही नुसता जबडा दुखू शकतो. अशा वेळी सोडा पिऊन ढेकर यायची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि ईसीजी करायचा. गॅस समजून घरी बसल्याने आपल्या भागात माणसं जातात, म्हणून हे मी प्रत्येक वेळी लिहिणार.

प्रश्न (जत): माझी आई ६१ वर्षांची. वर्षभरात तोंड उघडणं कमी होत चाललंय, आता भाकरीचा घास पण लहान करावा लागतो. तिखट लागलं की आग होते, गाल आतून ताठ झालेत. ती म्हणते पोटात उष्णता झालीय, गुलकंद खाते. पान-सुपारी लहानपणापासून, सकाळी मशेरी पण लावते. हे पण पोटाचंच का?

उत्तर: नाही, आणि ह्यात उशीर करू नका. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर ताठ होत जातं, तिखटाने आग होते आणि तोंड हळूहळू मिटत येतं, ह्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ह्यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिने तो धोका अजून वाढतो. आईला तिचीच तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी करून तोंडात घालायला सांगा, जात नसतील तर उघडणं नक्की कमी झालंय. गालाच्या आत, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, मानेला गाठ दिसते का बघा, पण काही दिसलं नाही तरी दाखवायचंच.

सांगलीला आणि कराडला डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या ओपीडीत ओरल मेडिसिन विभाग विचारा, खर्च खासगीपेक्षा बराच कमी होतो. तपासतील, गरज वाटली तर छोटा तुकडा काढून बघतील, त्याला आईने घाबरू नये, तुकडा काढल्याने रोग पसरतो ही भीती खोटी आहे. सुपारी आणि मशेरी त्याच दिवसापासून बंद करावी लागेल. लहानपणापासूनच्या सवयीला रागावून उपयोग होत नाही, म्हणून तंबाखू सोडायची मोफत हेल्पलाइन १८००-११२-३५६ आहे, तिथं फोन लावून आईशी बोलणं करून द्या, आणि सकाळी मशेरीच्या वेळेला तिच्या हातात मऊ ब्रश आणि पेस्ट द्या. तोपर्यंत तिला तिखट न घातलेली आमटी, कुस्करलेली भाकरी, भाताची पेज चालेल. दिवस कुठला ठरला ते मला कळवा.